तासाचा भाव, पुलाच्या अलीकडे आणि पलीकडे

(यंदाच्या वार्षिक मेळाव्यातलं हे भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेताना बोलण्याची ढब तशीच ठेवली आहे.)



सकाळी घरकामगार संघटनेच्या ताई बोलल्या. नंतर चहाच्या वेळी त्यांच्यातल्या एकीनं मला गाठून विचारलं, "तिकडं अमेरिकेत म्हणे भांडी घासणारीलासुद्धा तासाला हजारावर रुपये मिळतात. मग तिथल्या बायका मोर्चे कशाला काढतात?" मी चार पानं लिहून आणली होती, ती आता पिशवीतच राहू देत. या प्रश्नाचं उत्तर देता आलं तरी पुष्कळ झालं.

आधी माझ्याबद्दल दोन वाक्यं. २००१ साली नवऱ्याच्या नोकरीमागोमाग मी न्यू जर्सीला गेले. आठ वर्षं मला तिथं काम करायची परवानगीच नव्हती. बी.एस्सी. झालेली बाई आठ वर्षं 'अवलंबित' या शिक्क्याखाली पोळ्या लाटत होती. त्याबद्दल पुन्हा कधीतरी बोलू. आम्ही राहतो ते ट्रेंटन शहराजवळ. शेजारून डेलावेअर नदी वाहते. नदीच्या अलीकडे न्यू जर्सी राज्य, पलीकडे पेनसिल्व्हेनिया. मध्ये एक जुना लोखंडी पूल आहे आणि त्याच्यावर मोठाल्या अक्षरांत लिहिलंय की ट्रेंटन घडवतं आणि जग घेतं. पूल चालत ओलांडायला दहा मिनिटंही लागत नाहीत.

या पुलाच्या अलीकडे दुकानात फरशी पुसणाऱ्या बाईला कायद्यानं तासाला कमीत कमी १५.९२ डॉलर द्यावे लागतात. हा जानेवारी २०२६ चा दर. पलीकडे त्याच फरशीला, त्याच पोछ्याला ७.२५. म्हणजे सव्वासात डॉलर. निम्म्याहूनही कमी. दुकान एकाच कंपनीचं असेल, बाईही एकच असेल, सकाळी इकडे आणि संध्याकाळी तिकडे काम करणारी. पूल ओलांडला की तिच्या तासाचा भाव पडतो.

असं का होतं? तिथं किमान वेतन तीन ठिकाणी ठरतं. पहिलं केंद्र सरकार, त्याला ते फेडरल म्हणतात. दुसरं राज्य. तिसरं शहर किंवा काउंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखं. तिन्हींचे दर वेगळे असले तर कामगाराला त्यातला सर्वांत जास्त दर मिळाला पाहिजे, असा नियम आहे. ऐकायला किती छान! पण केंद्राचा दर सव्वासात डॉलर झाला तो जुलै २००९ मध्ये, आणि त्यानंतर तो एका सेंटनंही वाढलेला नाही. महागाईबरोबर तो आपोआप वाढत नाही. प्रत्येक वेळी संसदेनं कायदा करावा लागतो. १९३८ साली हा कायदा झाल्यापासून इतका मोठा खंड कधीच पडला नव्हता. मार्च २०२१ मध्ये पंधरा डॉलरचा प्रस्ताव सिनेटपुढे आला. ४२ विरुद्ध ५८ मतांनी तो पडला.

दरम्यान बऱ्याच राज्यांनी आपापले दर वाढवले. वॉशिंग्टन राज्यात २०२६ चा दर १७.१३ आहे, आणि त्याच राज्यातल्या सिअ‍ॅटल शहरात २१.३०. पण वीस राज्यं सव्वासातवरच बसलेली आहेत. अलाबामा, मिसिसिपी, लुइझियाना, टेनेसी आणि साउथ कॅरोलायना या पाच राज्यांत तर राज्याचा म्हणून किमान वेतनाचा कायदाच नाही.

आणि ताई, कृपा करून डॉलरचे रुपये करू नका. तिथली बाई भाडं डॉलरमध्ये देते, दूध डॉलरमध्ये घेते. सव्वासात डॉलरनं आठवड्याला चाळीस तास, वर्षाचे बावन्न आठवडे, एकही खाडा न करता राबलं तर वर्षाला होतात १५,०८० डॉलर, महिन्याला साधारण साडेबाराशे. आमच्या भागात एवढ्यात साधं एका खोलीचं घरसुद्धा भाड्यानं मिळायची मारामार. रस्त्यावर का येतात, हे इथंच कळावं.

पण मला दरापेक्षा दुसऱ्याच गोष्टीबद्दल बोलायचंय. दर कुणाला लागू नाही, याबद्दल. या कायद्याच्या मुळाशी बायका आहेत, आणि कायदा मोठा झाला तेव्हा बाहेर राहिल्या त्याही बायकाच.

१९१२ साली मॅसॅच्युसेट्स राज्यानं अमेरिकेतला पहिला किमान वेतन कायदा केला. तो फक्त बायका आणि अल्पवयीन मुलांसाठी होता. पुरुषांना संरक्षण देणं म्हणजे त्यांच्या करार-स्वातंत्र्यावर घाला, असं कोर्ट म्हणत असे. मग १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बायकांसाठीचा कायदाही रद्द केला, आणि कारण काय दिलं? बायकांना आता मताचा अधिकार मिळालाय, पुरुषांमधला आणि त्यांच्यातला फरक जवळजवळ संपलाय, मग त्यांना वेगळं संरक्षण कशाला! मत मिळालं तीन वर्षांपूर्वी, आणि त्याची किंमत अशी वसूल केली. त्या काळात तिथल्या स्त्री-चळवळीतही यावरून दोन तट होते. नॅशनल वुमन्स पार्टीच्या बायकांना फक्त स्त्रियांसाठीचे कायदे नको होते, त्यानं विषमता पक्की होते म्हणून. फ्लॉरेन्स केली यांच्यासारख्या कामगारांत वावरणाऱ्या बायका म्हणत होत्या की समतेची वाट पाहता पाहता गिरणीतली पोरगी मरून जाईल. आपल्याकडेही हे वाद झालेत, तुम्हाला परके वाटणार नाहीत. मी स्वतः केलीबाईंच्या बाजूची.

चित्र पालटलं ते एका हॉटेलात खोल्या झाडणाऱ्या बाईमुळे. तिचं नाव एल्सी पॅरिश. वॉशिंग्टन राज्यातल्या वेनॅची गावच्या हॉटेलात ती चादरी बदलायची, न्हाणीघरं घासायची. राज्याच्या कायद्याप्रमाणे आठवड्याच्या ४८ तासांना १४.५० डॉलर मिळायला हवे होते, तिला कमी मिळत होते. काम सुटल्यावर तिनं फरक मोजला. २१६ डॉलर १९ सेंट. तेवढे मागण्यासाठी ती कोर्टात गेली. २९ मार्च १९३७ ला सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी तिच्या बाजूनं निकाल दिला आणि किमान वेतनाचा कायदा घटनेत बसतो हे मान्य झालं. त्यानंतर पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, केंद्राचा कायदा आला. दर होता तासाला २५ सेंट. आपल्याकडच्या १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या दहा वर्षं आधीची ही गोष्ट. तो कायदा रेटून नेणाऱ्या मजूरमंत्री होत्या फ्रान्सिस पर्किन्स, अमेरिकेच्या मंत्रिमंडळातली पहिली स्त्री. १९११ मध्ये न्यू यॉर्कच्या ट्रँगल शर्ट कारखान्याला आग लागून १४६ कामगार मेले, बहुतेक तरुण मुली. तेव्हा पर्किन्सबाई खाली रस्त्यावर उभ्या राहून ते पाहत होत्या.

एवढं होऊन १९३८ च्या कायद्यातून कोणाला वगळलं? शेतमजुरांना आणि घरकाम करणाऱ्यांना. दक्षिणेकडच्या खासदारांची मतं हवी होती, आणि दक्षिणेत ही दोन्ही कामं मुख्यतः काळी माणसं करत होती. घरकाम करणाऱ्या बायकांना कायद्याच्या उंबऱ्याच्या आत यायला १९७४ साल उजाडलं. हॉटेलातल्या वाढणाऱ्या बायका १९६६ मध्ये आत आल्या, पण त्यांच्यासाठी वेगळा दरवाजा केला. गिऱ्हाईक जी टिप देतं ती मालकानं पगारात धरावी, अशी सवलत. या वेगळ्या दरवाज्यातून मी स्वतः गेलेली आहे, म्हणून यावर जरा जास्त बोलते.

केंद्राच्या कायद्यानुसार टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकानं द्यायचे ते तासाला २.१३ डॉलर. हा आकडा १९९१ चा आहे. १९९६ मध्ये संसदेनं मुख्य दर वाढवला तेव्हा हा मात्र गोठवून ठेवला. माझी मुलगी १९९५ ची. तिला आज मूल आहे, आणि आकडा तोच आहे. उरलेली रक्कम टिपमधून यायची आणि टिप कमी पडली तर फरक मालकानं भरायचा, असं कायदा सांगतो.

२०१० मध्ये, काम करायची परवानगी मिळाल्यावर, मी पुलापलीकडे एका भारतीय रेस्टॉरंटमध्ये लागले. पेनसिल्व्हेनियात टिपवाल्यांचा दर २.८३. जानेवारीतला एक आठवडा माझ्या वहीत लिहिलेला आहे. बर्फ पडत होतं, गिऱ्हाईक नव्हतं. चोवीस तास काम, मालकाचे ६७ डॉलर ९२ सेंट, टिपचे ६३. एकूण १३०.९२. कायद्यानं मिळायला हवे होते १७४. फरक ४३ डॉलर ८ सेंट. मालकानं तो दिला नाही. मी मागितलाही नाही. ते मला 'बहेनजी' म्हणायचे, दिवाळीला मिठाईचा डबा घरी पाठवायचे. परदेशात आपलं माणूस म्हणून त्यांनी मला काम दिलं होतं. त्रेचाळीस डॉलरसाठी तोंड कसं उघडायचं? एल्सी पॅरिशची गोष्ट मला तेव्हा ठाऊक नव्हती. ठाऊक असती तरी मी बोलले असते का, खरं सांगते, माहीत नाही.

शनिवारची रात्र मात्र वेगळी असायची. दीडशे डॉलर पदरात बांधून मी घरी आलेय. म्हणून वॉशिंग्टन डी.सी.मध्ये हा टिपचा वेगळा दर बंद करायचा प्रश्न २०१८ साली मतदानाला आला, तेव्हा काही वेट्रेसच त्याच्या विरोधात होत्या, यात मला नवल वाटलं नाही. चांगल्या भागातल्या, चांगल्या पाळीतल्या बाईला त्यात तोटा दिसत होता. मतदारांनी बाजूनं कौल दिला, शहर परिषदेनं तो रद्द केला. २०२२ मध्ये मतदारांनी पुन्हा तेच सांगितलं, २०२५ मध्ये परिषदेनं पुन्हा त्याला कात्री लावली. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, मिनेसोटा अशा सात राज्यांत मात्र हा वेगळा दर नाही. तिथं वेट्रेसला पूर्ण किमान वेतन मिळतं आणि वर टिप. तिथली हॉटेलं काही ओस पडलेली नाहीत.

शनिवारच्या दीडशे डॉलरबद्दल अजून एक सांगायचं राहिलं. २.८३ वर काम करणाऱ्या बाईचा खरा मालक असतो समोर बसलेलं गिऱ्हाईक. भाडं त्याच्या खुशीवर. तो मनगट धरतो, "हस ना जरा" म्हणतो, पाठीवर हात ठेवतो, आणि बाई मनातल्या मनात हिशेब करते की हे टेबल बारा डॉलरचं आहे. चाळिशीतल्या मला हे चुकलं नाही, तर विशीतल्या पोरींचं काय सांगू. लैंगिक छळाचा कायदा तिथं आहे, चांगला आहे. पण वेतनाच्या कायद्यातच अशी फट ठेवली असेल तर त्या दुसऱ्या कायद्याचा आधार घ्यायला बाई जाणार कधी? २०२५ मध्ये केंद्रानं टिपवरचा आयकर काही मर्यादेपर्यंत माफ केला, खूप गाजावाजा झाला. ज्या बाईचं उत्पन्नच इतकं तुटपुंजं की तिला आयकर लागत नाही, तिला त्यात काय मिळालं? २.१३ तसेच राहिले.

आता लढ्यांबद्दल. नोव्हेंबर २०१२ मध्ये न्यू यॉर्कच्या बर्गर-दुकानांतले कामगार एक दिवस काम बंद करून बाहेर पडले आणि पंधरा डॉलरची मागणी केली. तेव्हा लोक हसले होते. २०१३ मध्ये सिअ‍ॅटलजवळच्या सी-टॅक या विमानतळाच्या गावानं पंधरा डॉलर मतदानानं मंजूर केले, अवघ्या ७७ मतांच्या फरकानं. पुढच्याच वर्षी सिअ‍ॅटलनं केले. केंद्र हलत नसेल तर राज्य हलवा, राज्य हलत नसेल तर शहर हलवा, अशी ती रीत आहे.

पण शहरानं हलायचंच नाही, असंही राज्यं ठरवतात. पेनसिल्व्हेनियात २००६ च्या कायद्यानं शहरांना स्वतःचा दर ठरवायला बंदी आहे, म्हणून फिलाडेल्फियासारखं गरिबांनी भरलेलं शहर सव्वासातवर अडकलंय. अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहरात बहुसंख्य लोक काळे. त्या शहरानं १०.१० डॉलरचा ठराव केला, तर फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्याच्या विधिमंडळानं घाईघाईनं कायदा करून तो मोडीत काढला. सेंट लुइस शहरात तर मे २०१७ मध्ये दहा डॉलर लागू झाले आणि ऑगस्टअखेर राज्यानं ते काढून घेतले. दर पुन्हा ७.७०. तीन-साडेतीन महिने वाढीव पगार हातात घेतलेल्या बाईला मालकानं कायद्यानं सांगावं की आता परत खाली या! त्याच मिसुरी राज्यात पुढच्या वर्षी, २०१८ मध्ये, लोकांनी मतपेटीतून बारा डॉलरपर्यंतची वाढ मंजूर करून घेतली, आणि २०२४ मध्ये पंधराची. २०२४ च्या मतदानात पगारी आजारपणाची रजाही होती. ती विधिमंडळानं २०२५ मध्ये काढून टाकली. मिसुरी काही डाव्या विचारांचं राज्य नव्हे. तिथले लोक निवडून कुणालाही देवोत, पगारवाढीला मात्र हो म्हणतात.

"पण पगार वाढवला तर कामच जाईल," हे तुम्हीही ऐकलं असणार. "ताई, तुमचा दर परवडत नाही, आम्ही मशीन घेतो." याचा एक प्रसिद्ध अभ्यास माझ्या नदीच्या दोन्ही काठांवरच झालाय. एप्रिल १९९२ मध्ये न्यू जर्सीनं आपला दर ४.२५ वरून ५.०५ केला, पेनसिल्व्हेनियानं केला नाही. डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रूगर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी दोन्हीकडची चारशेहून अधिक बर्गर-दुकानं वाढीच्या आधी आणि नंतर तपासली. न्यू जर्सीत कामं कमी झाल्याचं त्यांना आढळलं नाही. १९९४ मध्ये हे छापून आलं तेव्हा गदारोळ झाला, इतरांनी उलटे निष्कर्ष काढले, वाद अजून चालू आहे. कार्ड यांना २०२१ मध्ये नोबेल मिळालं. मला एकच बाजू सांगायची नाही. त्याच २०२१ मध्ये संसदेच्या अंदाजपत्रक कार्यालयानं देशभर पंधरा डॉलर केले तर काय होईल याचा अंदाज दिला होता. १ कोटी ७० लाख लोकांचा पगार थेट वाढेल, ९ लाख लोक दारिद्र्यरेषेच्या वर येतील आणि १४ लाख कामं कमी होतील. या चौदा लाखांत एखादी माझ्यासारखी असू शकते, हे विसरून चालणार नाही. पण त्या १ कोटी ७० लाखांचं नाव न घेता फक्त चौदा लाखांसाठी अश्रू ढाळणारे लोक त्यांच्यासाठी एरवी कधी रडलेले मी पाहिले नाहीत.

आता घराकडे येते. ते सांगायला मला सर्वांत जड जातं.

१९७४ मध्ये घरकामगार कायद्यात आल्या, पण म्हाताऱ्या-आजारी माणसांना घरी सांभाळणाऱ्या बायकांना 'सोबत करणाऱ्या' ठरवून पुन्हा बाहेर ठेवलं. अंघोळ घालायची, मलमूत्र काढायचं, रात्र रात्र जागायचं, आणि याचं नाव सोबत! एव्हलिन कोक नावाची जमैकाहून आलेली बाई वीस वर्षं हे काम करून ओव्हरटाइमसाठी सर्वोच्च न्यायालयात गेली. २००७ मध्ये नऊच्या नऊ न्यायाधीशांनी तिच्याविरुद्ध निकाल दिला. २०१३ मध्ये सरकारनं नियम बदलला, २०१५ पासून या बायकांना संरक्षण मिळालं. तोवर कोकबाई वारल्या होत्या. आणि जुलै २०२५ मध्ये सरकारनं तो नियम मागं घ्यायचा प्रस्ताव मांडला.

यावर मी आमच्या मंडळात एकदा तावातावानं बोलले होते. २०२३ मध्ये माझ्या मुलीला मूल झालं. तीही न्यू जर्सीतच राहते. बाळाला सांभाळायला गुजरातहून आलेली पन्नाशीची एक बाई ठेवली. सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेसहा, आठवड्याचे पाच दिवस. पाचशे डॉलर रोख. आम्ही तिला 'मासी' म्हणत होतो. मासी म्हटलं की तास मोजायचे नसतात. तुम्ही इथं 'मावशी' म्हणता, तसंच.

एका रात्री जुनी वही हाती लागली आणि मी मोजलं. पंचावन्न तास. तासाला नऊ डॉलर नऊ सेंट. न्यू जर्सीचा तेव्हाचा दर होता १४.१३. चाळीस तासांवरचे पंधरा तास दीडपट धरले तर आठवड्याला ८८३ डॉलर व्हायला हवे होते. आम्ही पाचशे देत होतो, आणि दिवाळीला मिठाईचा डबा.

मुलीला सांगितलं तर ती चिडली. म्हणाली, "आई, तू तुझ्या मालकाला कधी विचारलं होतंस?" आणि तिचंही खोटं नव्हतं. घराचा हप्ता, तिचा स्वतःचा पगार, बाळंतपणाच्या रजेत गेलेले पैसे. तिच्या कंपनीनं पाळणाघर दिलं असतं तर हा हिशेब आम्हा तिघींत वाटायची वेळ आली नसती. जावईबापू शेजारच्या खोलीत होते, त्यांना कुणीच काही विचारलं नाही. मीही नाही.

शेवटी मार्ग काढला तो असा. मासीचे तास चाळीसवर आणले आणि पूर्ण दर द्यायला लागलो. उरलेले पंधरा तास मी सांभाळते, फुकट. मागची बाकी थोडी थोडी करून फेडली. जुलै २०२४ पासून न्यू जर्सीत घरकामगारांच्या हक्कांचा वेगळा कायदा लागू झाला. लेखी करार करावा लागतो, विश्रांतीची सुट्टी द्यावी लागते. करार करताना मासीचा हात थरथरत होता, तिला वाटलं आम्ही तिला काढतोय.

आमच्याकडे दर जानेवारीत दर महागाईप्रमाणे वाढतो. गेल्या डिसेंबरात मी बाळाला घेऊन खिडकीत उभी होते. मासी कोट घालता घालता म्हणाली, "बेन, पहेली तारीख से पंदरा बानवे है." मला माहीत नव्हतं. मी वही काढून लिहून घेतलं.